रिसीव्हरच्या आतल्या मशीनिंगच्या खुणा: घासून काढायच्या की राहू द्यायच्या?

निशाण३००

नमस्कार मंडळी. नवी बोल्ट ॲक्शन रायफल घेतली आहे, .३०८ विंचेस्टर, फक्त टार्गेटसाठी. ग्रुपिंगबद्दल काही तक्रार नाही. पण काल सफाई करताना बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) बाहेर काढला, मागून रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या चौकटीत, टॉर्च मारला आणि मन खट्टू झालं. डाव्या बाजूच्या ज्या खोबणीतून लग (बोल्टच्या पुढच्या टोकाचा, त्याला अडकवून धरणारा दात) सरकत पुढे जातो, तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर रेघा आहेत. नख आडवं फिरवलं की लागतात. आणखी पुढे, लग वळून जिथे बसतो त्या पोकळीत गोल गोल कड्या दिसतात. बाहेरून ब्लूइंग (स्टीलवरचा गंजरोधक निळसर-काळा थर) इतकं देखणं आणि आत हे असं!

बोल्ट मागे ओढताना हाताला बारीक खरखर जाणवते, आणि हँडल उचलताना जड जातं. व्हिडिओंमध्ये लोक बोल्टला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट फासून तो शेकडो वेळा मागेपुढे करतात आणि शेवटी एका बोटाने चालवून दाखवतात. माझ्याकडे ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर आहे, लाकडी दांडी आहे, सवड आहे. करू का? या रेघांमुळे ॲक्शन (रिसीव्हर आणि बोल्टची जोडी) कमजोर होते का? आणि करायचं नसेल तर का नाही, तेही सांगा, म्हणजे डोक्यातून जाईल.

टूलरूमवाला

पेपर अजून हातात घेऊ नका. माझी सारी नोकरी टूलरूममध्येच झाली, गेज आणि फिक्स्चर घासण्यात. आता रायफलींची दुरुस्ती करतो. हा प्रश्न माझ्या टेबलावर वरचेवर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या रेघा कुठून आल्या ते बघा. लगची खोबणी बहुतेक वेळा ब्रोचने कापतात. ब्रोच म्हणजे एकामागे एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा उंच, असे दात असलेली लांब पट्टी. ती भोकातून ओढली की खोबणी तयार. एखाद्या दाताची धार किंचित उडालेली असली, किंवा दाताला धातूचा कण चिकटलेला असला, की पूर्ण लांबीभर एक रेघ उमटते. ब्रोचिंगचं फिनिश साधारण ०.८ ते ३.२ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप) असतं. ते दिसायला रेघारेघांचं असलं तरी कामाला उत्तम आहे. पुढच्या कड्या गोल फिरणाऱ्या टूलच्या आहेत. लगची पोकळी तशीच कापावी लागते.

आता मुख्य गोष्ट. रेघ म्हणजे चर. चर घासून जात नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा धातू चराच्या तळापर्यंत खाली आणला तरच तो दिसेनासा होतो. समजा चर एक हजारांश इंच खोल आहे, म्हणजे २५ मायक्रॉन. तो घालवायचा तर त्या भिंतीचा पूर्ण पृष्ठभाग २५ मायक्रॉनने खाली गेला पाहिजे. समोरच्या भिंतीचंही तेच केलंत तर बोल्टला ५० मायक्रॉन जास्त मोकळीक मिळाली. आज जो बोल्ट मागे ओढल्यावर हातात थोडाच हलतो, तो उद्या डुगडुगेल, ढकलताना वाकडा होऊन अडकेल. जी खरखर घालवायला निघालात तिच्या जागी अडखळणं येईल. आणि काढलेला धातू परत लावता येत नाही.

शिवाय बोल्ट चराच्या तळाला टेकतच नाही. तो टेकतो उंचवट्यांवर, तेही मोजक्या ठिकाणी. चरात तेल थांबतं, आणि ते तिथे हवंच आहे. इंजिनच्या सिलिंडरला होनिंग करून मुद्दाम तिरप्या रेघा ठेवतात त्या याचसाठी.

कमजोरीबद्दल: ताणाच्या दिशेला समांतर रेघ फारसं काही करत नाही, ताणाला आडवी रेघ जास्त त्रास देते. गोळी सुटताना बोल्ट मागे ढकलला जातो, लग रिसीव्हरच्या खांद्यावर रेटतात आणि रिसीव्हरची पुढची कडी लांबीच्या दिशेने ताणली जाते. .३०८ ला ६२,००० पीएसआयपर्यंतचा दाब धरलेला आहे, त्यातून बोल्टवर तीन टनांच्या वर जोर येतो. तुमच्या खोबणीतल्या रेघा लांबीच्याच दिशेत आहेत, त्यांची काळजी सोडा. गोल कड्या आडव्या आहेत खऱ्या, पण तिथे महत्त्वाची असते ती खांद्याच्या मुळाशी ठेवलेली गोलाई. ती गोलाई नीट असेल तर उथळ कड्यांनी काही बिघडत नाही. उलट कोणी तिथे दगड घालून कोपरा तीक्ष्ण केला, तर त्याने खरं नुकसान केलं.

एक गोष्ट मात्र आजच करा. बोल्ट काढलेलाच आहे, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामं असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा. त्या पोकळीतलं तेल सॉल्व्हंटने पूर्ण काढा आणि भिंगातून कड्या बघा. टूलच्या खुणा शिस्तीत असतात, एकमेकींना समांतर, सारख्या अंतरावर. त्यात एखादी रेघ वेडीवाकडी जात असेल, इतरांना छेदत असेल, किंवा कोपऱ्यातून फुटून बाहेर आल्यासारखी दिसत असेल, तर ती खूण नसून चीर असू शकते. तेल पुसल्यावर काही वेळाने त्या रेघेतून पुन्हा तेल पाझरलं तर शंका पक्की धरा. मग डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या: लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटून येते. ही तपासणी होण्याआधी पॉलिश केलं तर धातू चिरेवर लिंपला जातो आणि ती झाकली जाते. घासू नका म्हणण्यामागचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

रेंजपार्टनर

मला थोडं वेगळं वाटतं. माझ्या रायफलला मी बारीक पेस्ट लावून बोल्ट चालवला होता. फरक पहिल्याच दिवशी कळला. नंतर भरपूर फैरी झाल्या, काहीही बिघडलेलं नाही. टूलरूमवाले काका सांगतात ते शास्त्र बरोबर असेल, पण ८०० नंबरच्या पेस्टने कितीसा धातू जातो? सगळ्यांना इतकं घाबरवायची गरज आहे का?

टूलरूमवाला

तुमची रायफल व्यवस्थित चालते याचा आनंदच आहे, आणि तुम्ही बारीक पेस्ट घेतलीत हेही बरं. तरी पेस्टबद्दल माझं मत सांगतो.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टमध्ये बहुधा सिलिकॉन कार्बाइड असतं. त्याचे कण स्टीलपेक्षा कितीतरी कडक. दोन पृष्ठभागांत ते रगडले की त्यांतल्या मऊ धातूत रुतून बसतात आणि मग जास्त कडक भागाला कापत राहतात. लॅपिंगचं तंत्र याच गुणावर उभं आहे. म्हणून लॅप मुद्दाम मऊ घेतात, कास्ट आयर्नचा किंवा पितळेचा, आणि काम झालं की बाजूला ठेवतात. तुम्ही लॅप म्हणून रायफलचाच बोल्ट वापरला. तो बाजूला ठेवता येत नाही. रुतलेले कण पुसून जातील याची खात्री कोण देणार?

दुसरं म्हणजे पेस्ट कुठे लागेल यावर ताबा राहत नाही. बोल्ट मागेपुढे करताना हँडलही खाली केलंत तर लगची मागची बाजू घासली जाते. तीच बाजू हेडस्पेस ठरवते, म्हणजे बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा यांतलं अंतर. ते तपासायला दोन गेज असतात: गोवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर होता कामा नये. .३०८ चं गो गेज १.६३० इंचाचं आणि नो-गो १.६३४ चं. मधे फक्त चार हजारांश, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा भाग. फॅक्टरीतून येताना त्यातले एक-दोन हजारांश खर्ची पडलेले असू शकतात. उरलेल्यात तुम्ही डोळे मिटून पेस्ट फिरवणार. हेडस्पेस वाढलं की केस (काडतुसाचं पितळी कवच) मागे ताणली जाते, बुडाच्या जरा वर आतून पातळ होते, आणि तीच केस पुन्हा भरून वापरणाऱ्यांना एक दिवस तिथे चमकती गोल रेघ दिसते. पुढची पायरी केस तुटण्याची. तुमच्याकडे गेज असेल तर एकदा लावून बघा. नो-गोवर बोल्ट बंद होत नसेल तर निश्चिंत राहा. गेज लावताना बोल्टमधून फायरिंग पिनची (काडतुसावर आपटणाऱ्या सुईची) जोडणी आणि एजेक्टर (रिकामी केस बाहेर फेकणारा भाग) काढून ठेवा आणि हँडल बोटाच्या हलक्या स्पर्शाने खाली आणा. जोर लावला तर गेज चुकीचं सांगेल.

मोझरप्रेमी

काकांच्या म्हणण्याला जुन्या रायफलींच्या बाजूने जोड देतो, कारण नव्या रायफलीवर शिकलेला हात उद्या जुनीवर फिरेल अशी मला धास्ती असते.

जुन्या जर्मन मोझर ९८ रायफलीचा रिसीव्हर कमी कार्बनच्या स्टीलचा, वरून केस हार्डनिंग केलेला. वरचा थर कडक, गाभा मऊ आणि चिवट. थराची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच. लग जिथे टेकतात त्या खांद्यावर आधीच झिजलेल्या थरात कोणी दगड घातला आणि गाभा उघडा पडला, तर पुढच्या प्रत्येक फैरीला लग त्या मऊ धातूत खोल खोल बसत जातात. वळणाऱ्या हँडलला शेवटच्या टप्प्यात खड्ड्यात पडल्यासारखा किंवा उचलताना अडकल्यासारखा हिसका जाणवू लागतो. अशी एक मोझर मी हातात घेऊन पाहिली आहे. आतून इतकी लखलखीत होती की पाहताक्षणी विकत घ्यावीशी वाटावी. लगच्या जागी भिंगातून पाहिलं तर खांद्यावर लगच्या आकाराची पायरी पडलेली. पॉलिश करणाऱ्याने वर्षानुवर्षांची मेहनत घेतली असेल, पण ती रायफल आता फक्त भिंतीवर टांगण्याच्या लायकीची.

वरून दिसणाऱ्या फिनिशवरून ताकद ओळखता येत नाही, याचं माझ्या मते सर्वात ठसठशीत उदाहरण म्हणजे अमेरिकेची स्प्रिंगफील्ड १९०३. स्प्रिंगफील्ड आर्मरीने बनवलेल्या, सुमारे ८,००,००० च्या खालच्या क्रमांकाच्या रिसीव्हरांचं मशीनिंग आणि फिनिश बघत राहावं असं आहे. पण तेव्हा भट्टीतल्या स्टीलचं तापमान कारागीर त्याच्या रंगावरून डोळ्याने ठरवत. काही रिसीव्हर जास्त तापले, ठिसूळ झाले आणि फुटले. १९१८ मध्ये उष्णतेची प्रक्रिया बदलली. याउलट १९४२-४३ च्या सोव्हिएत मोसिन-नागांत घ्या किंवा १९४४-४५ च्या के९८के (मोझर ९८ चीच आखूड लष्करी आवृत्ती) घ्या. बाहेरून कटरच्या खुणा उघड्या डोळ्यांना दिसतात, कारण पॉलिशला वेळच नव्हता. लोक आजही त्या चालवतात. कारखान्याने वेळ वाचवला तो दिसणाऱ्या भागांवर. लग आणि चेंबरची मापं त्या घाईतही गेजने तपासली जात होती.

म्हणून माझ्याकडच्या युद्धकाळातल्या रायफलींच्या खुणांना मी हात लावत नाही. त्या कोणत्या साली, कोणत्या घाईत बनल्या हे त्या खुणाच सांगतात. घासल्या की तो पुरावाही गेला.

नेहा_प्रोन

मी बंदूक दुरुस्त करत नाही, नेमबाजी करते आणि नवीन मुलामुलींना शिकवते, त्यामुळे हाताला काय जाणवतं त्याबद्दल बोलते. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत: ओढतानाची खरखर आणि उचलतानाचं जडपण.

हँडल उचलताना जड जातं त्याचा खोबणीतल्या रेघांशी काहीही संबंध नाही. त्या वेळी बोल्ट सरकत नसतो, वळत असतो. आपल्या बहुतेक रायफली उघडताना कॉक होतात, म्हणजे हँडल वर नेताना तुमचा हात फायरिंग पिनची स्प्रिंग दाबत असतो. ६० अंशांत उघडणारा बोल्ट ९० अंशवाल्यापेक्षा जड लागणारच, तेच काम कमी अंतरात करायचं असतं. खात्री करायची असेल तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे फायरिंग पिनची जोडणी काढा आणि नुसता बोल्ट रायफलमध्ये घालून वळवून बघा. जडपणा गेला तर उत्तर मिळालं: कॉकिंगच्या उतारावर किंचित ग्रीस हवं. वळवताना हात खांद्याकडे ओढू नका, तळहाताने हँडल सरळ वर ढकला. माझ्याकडे येणाऱ्यांचा निम्मा जडपणा इथेच संपतो.

ओढतानाच्या खरखरीसाठी मॅगझिन काढून एकदा आणि रिकामं मॅगझिन लावून एकदा बोल्ट चालवा. कित्येकदा फॉलोअरच (मॅगझिनमधली काडतुसं वर ढकलणारी पट्टी) बोल्टच्या पोटाला खालून घासत असतो आणि दोष रिसीव्हरला जातो.

मग बोल्टवर काळ्या मार्करने पूर्ण पट्टे ओढा, लगच्या बाजूंवरही. वाळू द्या, कोरड्या खोबणीत पाच-सात वेळा सावकाश चालवा आणि बाहेर काढा. शाई जिथून गेली तिथेच घर्षण आहे, बाकी सगळ्या रेघा नुसत्या दिसण्यापुरत्या.

निशाण३००

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं करून आलो.

कड्या भिंगातून बघितल्या. सगळ्या समांतर, सारख्या अंतरावर, कोपऱ्यातली गोलाई शाबूत. सॉल्व्हंटने पुसून रात्रभर ठेवलं, कुठेही तेल पाझरलं नाही. जीव भांड्यात पडला.

नेहाताई, फायरिंग पिनची जोडणी काढल्यावर हँडल अक्षरशः स्वतःच्या वजनाने खाली पडलं. म्हणजे जडपणा स्प्रिंगचाच. मॅगझिन काढल्यावर मात्र खरखर तेवढीच राहिली, तेव्हा फॉलोअर निर्दोष.

आता मार्करचं. ज्या रेघांसाठी मी पेपर घेऊन बसलो होतो, तिथे शाई जशीच्या तशी! शाई गेली फक्त दोन जागी. एक, उजव्या लगच्या बाहेरच्या कडेवर अगदी केसाएवढा पट्टा. दुसरी, बोल्टच्या अंगावर डावीकडे, तिथे बोटभर लांब सरळ ओरखडा पडला आहे. उलट शोधत गेलो तर रिसीव्हरच्या मागच्या पुलाची (बोल्टवरून जाणाऱ्या कमानीची) आतली कड नखाला करवतीसारखी लागते. कापूस फिरवला की धागे अडकतात. याला बर म्हणतात ना? एवढी एक जागा तरी घासू का?

टूलरूमवाला

हो, हाच बर, म्हणजे कापताना कडेला उरलेला धातूचा पापुद्रा. तुमची खरखर तिथून येते. कापसाने शोधलात ते फार चांगलं केलंत, आमच्याकडे असंच शोधतात. हा काढायलाच हवा, नाहीतर तो बोल्टला चरत राहील.

रायफल वॉरंटीत असेल तर पहिल्यांदा विक्रेत्याला फोटो दाखवा. बर काढून देणं हे त्यांचं काम आहे, आणि तुम्ही आधी हात लावलात तर वॉरंटीवर वाद होऊ शकतो. ते नाही म्हणाले आणि तुम्हाला हाताचा विश्वास असेल तर असं करा.

ट्रिगर काढून ठेवा. चेंबरमध्ये आणि लगच्या पोकळीत तेलात भिजवलेलं स्वच्छ फडकं घट्ट कोंबा, म्हणजे कण तिकडे जाणार नाहीत. बारीक, कडक ऑइल स्टोन घ्या, सिरॅमिकचा मिळाला तर उत्तम, आणि त्याला तेल लावा. कानस नको. हातातलं फिरतं ग्राइंडर तर त्या खोलीतही नको, ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत खड्डा पाडतं. दगड कडेला साधारण ४५ अंशांत टेकवा आणि कडेच्या लांबीच्या दिशेने, नुसत्या दगडाच्या वजनाने, दोन-तीन वेळा ओढा. पुसा. कापूस फिरवा. धागा अडकत नसेल तर तिथेच थांबा. कड गोल किंवा चकचकीत करायची नाही, तिच्यावरचा पातळ पापुद्रा तेवढा उतरवायचा. बोटावर गुंडाळलेला पेपर वापरू नका. बोट मऊ असतं, कडेवरून दोन्हीकडे वळतं आणि शेजारचा सपाट भागही खातं.

मॅगझिनच्या वरच्या दोन रेल्सना तर चुकूनही दगड लावू नका. काडतूस कुठपर्यंत धरायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांच्या आतल्या कडा ठरवतात. त्या गोल झाल्या की काडतूस वेळेआधी उसळतं आणि भरताना अडकतं. लगची मागची बाजू, कॉकिंगचा उतार, सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून ठेवणारा भाग), बोल्टचं तोंड आणि प्रूफच्या खुणा (दाब-चाचणीचे शिक्के) यांनाही हात नको.

झाल्यावर फडकं बाहेर ओढताना पुढून, नळीच्या तोंडाकडून दांडीने ढकलून मागे काढा, म्हणजे कण चेंबरवरून घासत जाणार नाहीत. मग सगळं सॉल्व्हंटने धुवा. घासलेल्या जागी ब्लूइंग गेलेलं असतं, तिथे उघडं स्टील लगेच गंज धरतं, म्हणून कोल्ड ब्लूचा (न तापवता लावायच्या ब्लूइंगच्या द्रावणाचा) एक हात आणि वर तेल.

उजव्या लगवरचा केसाएवढा पट्टा साधा संपर्क आहे, तो वापरात बसेल. तो घालवायला जाऊ नका.

रेंजपार्टनर

काका, गेज आणून लावलं. गो गेजवर बोल्ट बंद झाला, नो-गोवर अर्ध्यातच थांबला. बरं वाटलं. बोल्ट मात्र पुन्हा नीट धुऊन घेतो, कण रुतण्याची गोष्ट मला माहीत नव्हती. निशाण, तू पेस्टच्या फंदात न पडलेलंच बरं.

निशाण३००

विक्रेत्याला फोटो पाठवले आहेत. ते स्वतःच बर काढून देतो म्हणाले, त्यामुळे दगड घ्यायची वेळ आली नाही. तोपर्यंत डमी काडतुसं घालून घरीच सराव करतो. एक शेवटची शंका: रिसीव्हर आणि बोल्ट दोन्ही स्टेनलेस आहेत असं कागदपत्रांत दिसतंय, बाहेरचा काळा रंग ब्लूइंगचा नसून कोटिंगचा आहे. वंगणात काही फरक करायचा का?

टूलरूमवाला

करायचा, आणि हे आधी सांगितलंत ते बरं झालं. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं रगडलं की एकमेकांना धरतं, पृष्ठभागाचे लचके निघतात. तेव्हा लगच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस कायम असू द्या, कॉकिंगच्या उतारावरही तेवढंच. खोबणीत नुसता तेलाचा हात पुरे, जास्त लावलंत तर धूळ चिकटते. चेंबर आणि बोल्टचं तोंड मात्र फैरीच्या आधी कोरडं पुसायचं, कारण तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला धरत नाही आणि बोल्टवरचा जोर वाढतो. ब्लूइंग नाही, तेव्हा कोल्ड ब्लूचं मी लिहिलेलं सोडून द्या, स्टेनलेसवर ते चढत नाही. डमीचा सरावही ग्रीस लावल्यावरच सुरू करा. रायफल विक्रेत्याकडून परत आली की आधी कापूस फिरवून बघा, मग मार्कर पुन्हा लावा आणि डावीकडचा तो बोटभर ओरखडा परत पडतो का ते इथे कळवा.